कंबर एक, हात अनेक : कायरोप्रॅक्टिकच्या तंत्रांचा इतिहास



आज आम्ही उभे राहूनच बोलणार आहोत. संयोजकांनी खुर्ची ठेवली आहे, त्यांचे आभार. पण तासभर खुर्चीत बसलो की उठताना आमच्याआधी आमची कंबर बोलू लागते. समोरच्या डोक्यांचा रंग पाहता विषयाची ओळख करून द्यावी लागेल असे वाटत नाही. उसण भरणे, लचक भरणे, कंबर धरणे, चमक निघणे. एका दुखण्याला एवढे शब्दप्रयोग ज्या भाषेने दिले, ती बोलणाऱ्यांना कंबरदुखी म्हणजे काय हे आम्ही काय सांगणार?

आमच्या लहानपणी आळीत एक पायाळू काकू होत्या. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस तो पायाळू, आणि त्याचा पाय लागला की उसण जाते, हा आपल्याकडचा जुना समज. कुणाची कंबर धरली की काकूंना निरोप जायचा. दुखणाईत पालथा पडायचा, काकू पदर खोचून कंबरेवर टाच टेकवायच्या, हलकेच दाबायच्या आणि चहा घेऊन घरी जायच्या. बहुतेकांना दोन-चार दिवसांत बरे वाटायचे. आता या 'बरे वाटायचे'मध्ये काय काय दडले आहे बघा. टाचेच्या दाबाने बरे वाटले? काकू पायाळू होत्या म्हणून वाटले? की दोन-चार दिवस गेले म्हणून? कारणे तीन, अनुभव एक. आजचे व्याख्यान याच गाठीभोवती फिरणार आहे, फक्त गाव बदलेल. आपल्याला जायचे आहे अमेरिकेत, आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्टला.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पाठ दाबून मणका 'बसवणे' हा कुणा एकाचा शोध नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या 'सांध्यांविषयी' या ग्रीक ग्रंथात रोग्याला फळीवर पालथे बांधावे, दोन्हीकडून ताणावे आणि वरून तळहाताने, प्रसंगी पायानेही, दाब द्यावा असे वर्णन आहे. म्हणजे आमच्या काकूंची वंशावळ बरीच लांब जाते! (हशा) इंग्लंडात अठराव्या शतकात एप्सम गावची सारा मॅप नावाची हाडवैद्यीण इतकी गाजली की लंडनचे लोक तिच्याकडे जात. डॉक्टर मंडळी अर्थातच चिडून होती. पण १८६७ मध्ये जेम्स पॅजेट या मोठ्या शल्यविशारदाने आपल्याच व्यवसायबंधूंना ऐकवले की हाडवैद्यांच्या हातून काही रोगी खरोखरच बरे होतात. त्यांचे वाईट टाळा, चांगले उचला. हा प्रामाणिकपणा पुढच्या शंभर वर्षांत दोन्ही बाजूंना फारसा जमलेला नाही.

आता डॅव्हनपोर्ट. डॅनिएल डेव्हिड पामर, जन्म १८४५, मूळचा कॅनडातला. मास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, वाणसामानाचे दुकान चालवले, आणि शेवटी 'चुंबकीय उपचार' करू लागला. चुंबकीय म्हणजे लोहचुंबक नव्हे. उपचारकाच्या अंगातली शक्ती हातावाटे रोग्यात जाते अशी ती कल्पना. १८ सप्टेंबर १८९५ ही या संप्रदायाची जन्मतिथी. ज्या इमारतीत पामरचा दवाखाना होता तिथे साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्डला सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. वाकून काम करताना पाठीत काहीतरी कट्ट झाले आणि तेव्हापासून कान गेले, असे त्याचे म्हणणे. पामरने त्याच्या पाठीवर एक उंचवटा शोधला, दाबला, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले. ही पामरची हकीकत. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत निराळी आहे, तो वाद राहू द्या. लक्षात ठेवायचे ते हे की ज्या उपचाराकडे आज जग मुख्यतः कंबरेसाठी जाते, त्याची सुरुवात कंबरेतून झालीच नाही, ती कानातून झाली. कानाचा मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जात नाही, मग हे कसे घडले, असे डॉक्टर तेव्हापासून विचारत आले आहेत.

नाव दिले सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकाने. ग्रीक 'केईर' म्हणजे हात आणि 'प्रॅक्सिस' म्हणजे कृती. हाताने केलेले काम. आम्ही जन्मभर अ‍ॅरिस्टॉटल शिकवला, त्यामुळे 'प्रॅक्सिस' शब्द दिसला की आमचे कान टवकारतात. पामर केवळ कृतीवर थांबला असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण त्याने सिद्धान्त मांडला की शंभरातले पंचाण्णव रोग मणके जागेवरून सरकल्यामुळे होतात. मणका सरकला की मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि शरीरातल्या 'उपजत बुद्धी'चा प्रवाह बिघडतो.

हे ऐकले की मराठी श्रोता लगेच म्हणतो, अहो, हा तर आपला प्राण! जरा थांबा. आम्हालाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. पण पामरची ही कल्पना योगातून आलेली नाही; एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी परलोकवादातून आणि मेस्मरच्या परंपरेतून आलेली आहे. दोन घरांत एकसारखा तांब्या दिसला म्हणून ती घरे नात्यातली ठरत नाहीत.

आता आमच्या आवडीचा भाग. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामर तुरुंगात गेला. दंड भरायला त्याने नकार दिला होता. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी शेगतारो मोरिकुबो या जपानी कायरोप्रॅक्टरवर खटला झाला. आरोप काय? परवान्याशिवाय ऑस्टिओपथी केल्याचा. ऑस्टिओपथी हा कायरोप्रॅक्टिकचा थोरला भाऊ म्हणा. अँड्र्यू स्टिलने तिची शाळा मिसूरीत १८९२ मध्ये काढली होती आणि तिथेही हाताने सांधे हलवत. वकील टॉम मॉरिसपुढे प्रश्न असा की दोन्ही माणसे हाताने पाठ दाबतात, मग फरक दाखवायचा कसा? त्याने सांगितले, आमचे तत्त्वज्ञान वेगळे आहे! १९०६ मध्ये निघालेल्या कायरोप्रॅक्टिकच्या एका पाठ्यपुस्तकाचा आधार घेतला गेला, आणि मोरिकुबो सुटला. तत्त्वज्ञानाने माणसाला तुरुंगातून वाचवल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत. सॉक्रेटिसच्या बाबतीत तर उलटच झाले. (हशा) पण त्याची किंमत चुकवावी लागली. 'आमचे तत्त्वज्ञान वेगळे' हा कोर्टातला बचाव पुढे संप्रदायाचा कणा होऊन बसला. सरकणारा मणका आहे की नाही हे तपासायचा प्रश्न उरलाच नाही, कारण तो नसेल तर परवानाही नाही.

मुलगा बार्टलेट जोशुआ पामर, सगळे त्याला बी. जे. म्हणत, शाळा चालवण्यात बापापेक्षा वरचढ निघाला. १९१० मध्ये शाळेत क्ष-किरण यंत्र आणले. १९२४ मध्ये पाठीच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक मोजणारे 'न्यूरोकॅलोमीटर' काढले; ते विकत मिळायचे नाही, भाड्यानेच घ्यायचे, आणि त्याशिवाय खरा कायरोप्रॅक्टर नाही असा आग्रह. शाळा फुटली. त्याचे काही नामवंत अध्यापक बाहेर पडले आणि त्यांनी १९२६ मध्ये इंडियानापोलिसला लिंकन कॉलेज काढले. पुढे तिशीच्या दशकात बी. जे.ने आणखी पुढची मजल मारली. दाबायचे ते फक्त मानेचे वरचे दोन मणके, बाकी पाठीला हात लावायचे कारणच नाही. म्हणजे तुमची कंबर धरली तरी इलाज मानेला! आणि त्याच वेळी दुसऱ्या गावात दुसरा कायरोप्रॅक्टर कंबर सोडून कशालाच हात लावत नसे. दोघांच्याही भिंतीवर बरे झालेल्या रोग्यांची पत्रे टांगलेली.

तंत्रांची खरी गर्दी इथून पुढे होते. सगळी सांगत बसलो तर रात्र होईल. कंबरेशी ज्यांचा जास्त संबंध येतो तेवढीच घेऊ.

सर्वांत जास्त वापरले जाणारे तंत्र ते 'डायव्हर्सिफाइड'. नावाचा अर्थच 'नानाविध', म्हणजे खिचडी. रोग्याला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा वाकवतात, खांदा मागे आणि कंबर पुढे अशी पीळ देतात आणि शेवटच्या टप्प्यावर एक छोटा पण झटकन धक्का देतात. कट्ट आवाज येतो. आवाज हाड हाडावर घासल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो. आपण बोटे मोडतो तेव्हा हेच होते.

'गॉनस्टेड' तंत्राची गोष्ट आम्हाला विशेष आवडते. क्लॅरेन्स गॉनस्टेड विस्कॉन्सिनचा, तरुणपणी सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेला, यंत्रांची आवड असलेला माणूस. १९२३ मध्ये पामरच्या शाळेतून बाहेर पडला आणि माउंट होरेब नावाच्या छोट्या गावात पन्नासेक वर्षे रोगी पाहिले. इतके लोक येत की दवाखान्याशेजारी मोटेल उभे राहिले. त्याची दृष्टी गवंड्याची. कटिभाग हा पाया. पाया ओळंब्यात नसेल तर वरची भिंत वाकडी जाणारच. म्हणून उभ्याने पूर्ण कण्याचा एक्स-रे काढायचा, त्यावर रेघा मारायच्या, नेमका कोणता मणका कोणत्या दिशेला ढळला ते ठरवायचे आणि तोच हलवायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. माणूस कष्टाळू आणि शिस्तीचा होता, याबद्दल त्याच्या विरोधकांनाही शंका नसावी.

क्ले थॉम्पसनने टेबलच बदलले. टेबलाचा एक भाग किंचित उचलून ठेवायचा. धक्का दिला की तो भाग खाली पडतो, त्यामुळे कमी जोर लागतो. 'अ‍ॅक्टिव्हेटर' तर हातच काढून घेते. मिनेसोटातले आर्लन फूर आणि वॉरन ली रोज अंगठ्यांनी धक्के देऊन थकले, आणि साठीच्या दशकात दंतवैद्यांच्या एका उपकरणावरून त्यांना हातात मावणारी स्प्रिंगची ठोकणी सुचली. पायांची लांबी तपासायची, ठोकणी मणक्यावर टेकवायची आणि टक्. आवाज यंत्राचा, सांध्याचा नाही. ज्याच्या व्याख्येतच 'हाताने केलेले' आहे, त्यात हे बसते का? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण त्यावर मंडळी भांडली आहेत.

आणि 'कॉक्स' तंत्र. इंडियानातल्या जेम्स कॉक्सने ऑस्टिओपथांच्या एका जुन्या टेबलाची कल्पना उचलली. रोगी पालथा, कंबरेखालचा टेबलाचा भाग बिजागरीवर खाली झुकतो, आणि उपचारक एक हात मणक्यावर ठेवून हळूहळू, लयीत, कंबर ताणतो. झटका नाही, आवाज नाही. चकती सरकून पायात कळ जाणाऱ्यांसाठी, म्हणजे सायटिकावाल्यांसाठी, हे मुख्यतः बेतलेले आहे.

बघा, आता चित्र कसे झाले. एक म्हणतो नेमका मणका शोधा, दुसरा म्हणतो ओळंबा पाहा, तिसरा ठोकतो, चौथा ताणतो. प्रत्येकाचे स्पष्टीकरण दुसऱ्याला काट मारणारे. सगळे एकदम खरे असू शकत नाहीत. पण रोगी मात्र सगळ्यांचे बरे होतात! आपल्या परंपरेत काकतालीय न्याय आहे. घरात आपण 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' म्हणतो. कंबरदुखीत हा कावळा फार मोठा असतो, कारण अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत काहीही न करता सुटू लागते. फांदी कावळ्याने मोडली की आधीच कुजली होती हे कळायला अन्वय-व्यतिरेक लागतो. जिथे हेतू आहे तिथे कार्य आहे का, आणि जिथे हेतू काढून घेतला तिथे कार्यही नाहीसे होते का? यादृच्छिक चाचणी म्हणजे याच व्यतिरेकाची पाश्चात्त्य सोय, असे आम्ही वर्गात सांगत असू.

या चाचण्या उशिरा आल्या. आधीची बरीच वर्षे भांडणात गेली. १९६३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली, तिचे मुख्य लक्ष्य कायरोप्रॅक्टर. त्यांनी १९७६ मध्ये खटला भरला आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेटझेंडॅनर यांनी असोसिएशनने बेकायदा बहिष्कार टाकला असा निर्णय दिला. यावरून कायरोप्रॅक्टिकचा सिद्धान्त सिद्ध झाला असे काही जण सांगतात. तसे नाही, सिद्ध झाला तो बहिष्कार. मधल्या काळात, १९७२ च्या कायद्याने, वृद्धांच्या सरकारी विम्यात कायरोप्रॅक्टिक आले, पण अट अशी की सरकलेला मणका एक्स-रेमध्ये दिसला पाहिजे. आता जो दोष बाकीच्या वैद्यकाला एक्स-रेत दिसत नाही तो दाखवा, तर पैसे! साहजिकच तो हजारो फिल्मवर दिसू लागला. ही अट २००० मध्ये गेली.

आता निकाल. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ७४१ रोग्यांवरची चाचणी निघाली: रुग्णालयातल्या नेहमीच्या उपचारापेक्षा कायरोप्रॅक्टिक सरस ठरले. टीकाकार म्हणाले, खाजगी दवाखान्याची आपुलकी आणि सरकारी रांग यांचीच तुलना झाली असेल. १९९८ मध्ये अमेरिकेत ३२१ जणांना तीन गटांत वाटले: कायरोप्रॅक्टिक, मॅकेंझी पद्धतीचा व्यायाम, आणि फक्त एक माहितीपुस्तिका. पहिले दोन गट जवळजवळ सारखे, आणि पुस्तिकेपेक्षा जेमतेम बरे. पुस्तिकेपेक्षा! आम्ही पुस्तकांवर जगलेला माणूस, आम्हाला त्या दिवशी अभिमान वाटला.

पण तंत्रांची आपसातली तुलना हा आपला विषय. २००९ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या २४० जणांवर झटक्याचे तंत्र आणि कॉक्ससारखे सावकाश ताणण्याचे तंत्र यांची तुलना झाली. दोन्हींत फरक नाही. २०१५ मध्ये १०७ जणांवर हाताचा झटका, अ‍ॅक्टिव्हेटरची ठोकणी आणि नेहमीचे वैद्यकीय उपचार यांची तुलना झाली. चार आठवड्यांनी हाताचा झटका स्पष्टपणे पुढे; ठोकणी आणि औषधे मागे. पण तीन आणि सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा तिघे एका ओळीत. २००६ ची एक चाचणी सांगते की पायात कळ जाणाऱ्यांना कॉक्स तंत्राने व्यायामापेक्षा जास्त आराम पडला. आणि २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की मणके हलवण्याचा फायदा आहे, पण माफक. शंभराच्या मापपट्टीवर दहाएक गुणांचा.

नेमकेपणाचे काय? कॅनडात पाठीवर आवाज टिपणारी यंत्रे लावून पाहिले, की ज्या मणक्यावर नेम धरला तिथूनच कट्ट येतो का. कंबरेत जवळजवळ निम्म्या वेळाच आला. सरासरी चूक पाच सेंटिमीटरची, म्हणजे निदान एक मणका पलीकडे. गॉनस्टेडला हे ऐकून वाईट वाटले असते. ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टर परिषदेनेच २०१० मध्ये सांगितले की 'सरकलेला मणका' ही ऐतिहासिक कल्पना आहे. ती रोगाचे कारण असल्याचा चिकित्सेतला पुरावा नाही.

म्हणजे झटक्याला थोडे बळ आहे, सिद्धान्ताला नाही. पॅजेटने जे मोघम सांगितले होते ते मापून निघाले, इतकेच.

आता आमची हकीकत, सांगायला अवघड आहे. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत लेकीकडे होतो. पुस्तकांचे खोके उचलले आणि कंबर धरली. जवळच्या एका कायरोप्रॅक्टरने एक्स-रे काढला, रेघा मारल्या, डावा पाय आखूड सांगितला आणि छत्तीस भेटींचे आगाऊ पैशाचे पॅकेज पुढे केले. जावयाने दुसरा शोधला. त्याने उजवा पाय आखूड सांगितला. (हशा) हसा, पण दुसऱ्याच्या झटक्याने त्याच संध्याकाळी आम्ही ताठ उभे राहिलो. तिसऱ्या भेटीनंतर गेलोही नाही. मायदेशी आल्यावर ज्याला त्याला सांगत सुटलो. तीस वर्षे काकतालीय न्याय शिकवलेला माणूस आपल्याच कंबरेबाबत तो विसरला.

आमचे एक जुने स्नेही, वयाने आमच्याहून थोडे मोठे, कंबर दुखते म्हणाले. आम्ही म्हटले, जा कुणाकडे तरी, मणके हलवून घ्या, आम्हाला बघा. ते गेले. दोन महिने जात राहिले. रात्री झोपेतून उठवणारी कळ होती, वजन उतरत होते, आणि काही वर्षांपूर्वी त्यांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार झाले होते. हे तिन्ही आम्हाला माहीत होते. आम्ही जोडले नाही. तपासण्या झाल्या तेव्हा कर्करोग मणक्यांत पोचलेला होता. ते दोन महिने वाचले असते तर निकाल बदलला असता का, त्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला शांत करण्यासाठी 'बहुधा नाही' म्हटले. पण त्या दोन महिन्यांतल्या वेदना तरी वाचल्या असत्या. त्या माणसाने आम्हाला कधी बोल लावला नाही.

म्हणून एवढे लिहूनच घ्या. कर्करोगाचा पूर्वेतिहास, ताप, कारण नसताना उतरणारे वजन, पडल्यानंतरचे दुखणे, ठिसूळ हाडे, आडवे पडूनही न थांबणारी रात्रीची कळ. यांतले काही असेल तर आधी डॉक्टर, नंतर बाकी सगळे. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच क्षणी रुग्णालय. तिथे सकाळची वाट पाहायची नाही.

मागून एक प्रश्न आला आहे, मघाशी चिठ्ठी दिली होती. 'सर, आता कंबर धरली तर तुम्ही स्वतः जाल का?' सांगतो. आधी दोन आठवडे जमेल तेवढे चालू, शेक घेऊ, अंथरुणात पडून राहणार नाही. तरीही सुटली नाही आणि वरच्या यादीतले काही नसेल, तर शिकलेल्या हाताकडे जाऊ, फिजिओथेरपिस्ट असो वा कायरोप्रॅक्टर. गॉनस्टेड की कॉक्स असे विचारणार नाही. झटका नको वाटला तर तसे सांगू. आमच्या वयात हाडांची घनता आधी पाहून घेऊ. चार-सहा भेटींत फरक पडला नाही तर थांबू. छत्तीस भेटींचे पैसे आगाऊ देणार नाही. आणि पाय कुठला आखूड आहे ते विचारणार नाही.

पुढची चिठ्ठी घेऊ या.